न पाहिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा

प्रवास करणार व हा मजकूर लिहिणार : दत्ताराम शिगवण, वय वर्षे त्रेपन्न, शिक्षण इयत्ता नववीपर्यंत, व्यवसाय अर्जलेखन, राहणार तळा.

ज्यांच्याकडे गेलो ते : श्रीवर्धन तालुक्यातील डोंगरावरच्या एका कातकरी वाडीतील बारा कुटुंबे. पैकी मुख्यत्वे सोमी हिलम, विधवा, व्यवसाय पावसाळ्यात स्वतःची नाचणी, उरलेले वर्ष दुसऱ्याच्या विटा.

साक्षीदार : गोमा हिलम, सोमीचा चुलत सासरा, वय कोणासही ठाऊक नाही; आणि वनिताताई, वाडीत काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्या.

काळ : माघ महिन्यातील सोमवार, मंगळवार व बुधवार.

वरील तपशील प्रथम नोंदविला, कारण कोण, कुठे, केव्हा व कशासाठी हे आरंभी स्पष्ट नसेल तर पुढील मजकूर कितीही सुंदर असला तरी वाऱ्यावर जातो, असा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. कचेरीसमोर टेबल मांडून बसणारे पुष्कळ असतात. परंतु ज्यांचा अर्ज कारकुनाला सहजासहजी परत करता येत नाही असे थोडे. मी त्या थोड्यांपैकी समजला जातो. निघालो तेव्हा मीही स्वतःला तसेच समजत होतो.

काही वर्षांपूर्वी मी श्रीवर्धनला बसत असे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन आदिवासींच्या नावे करण्याचा कायदा झाला होता आणि त्याचे दावे भरले जात होते. उपरोक्त बारा कुटुंबांचे दावे मी लिहून दिले. ते सर्व नामंजूर झाले. पुढे संस्थेच्या मदतीने लोक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नामंजुरी रद्द केली आणि प्रत्येकाच्या जमिनीवर प्रत्यक्ष जाऊन, प्रत्येकाचे म्हणणे ऐकून नव्याने निर्णय करावा, असा आदेश दिला. त्या पाहणीच्या वेळी मूळ दावे लिहिणाराने हजर असावे, असे वनिताताईंनी मला फोनवर कळविले. मी ते सन्मानाचे निमंत्रण समजलो आणि इस्त्रीचा सदरा पिशवीत घातला.

सोमवार : श्रीवर्धन व चढण

तळ्याहून श्रीवर्धनला पोहोचेपर्यंतच्या खडखडाटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. उतरल्यावर मात्र वाड्यांतून वाळत घातलेल्या सुपारीचा वास आला आणि माझी जुनी जागा पाहण्याची इच्छा झाली. ज्या झाडाखाली माझे टेबल असे ते झाड तोडले आहे. तेथे आता झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानदाराने मला ओळखले नाही. मी दोन पानांची प्रत काढून घेतली व निघालो.

खानावळीत बांगड्याचे कालवण, भात व सोलकढी घेतली. समोर वनिताताई बसल्या होत्या. तिशीच्या बाई, आवाज मऊ, परंतु प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर मिळेपर्यंत नजर न हलविणाऱ्या. त्यांनी न्यायालयाचा आदेश माझ्यासमोर ठेवला. तो इंग्रजीत होता. इंग्रजी अक्षरे मी ओळखतो. वाक्ये माझ्याशी बोलत नाहीत. तरी मी प्रत्येक पान योग्य तितका वेळ पाहिले.

त्यानंतर त्यांनी जुन्या नामंजुरीची मराठी प्रत दिली. तीत लिहिले होते : "सर्व दाव्यांतील मजकूर व चतुःसीमा एकसारख्या असल्याने पुरावा ग्राह्य धरता येत नाही."

मी म्हणालो, "एकसारखेपणा हा दोष कसा? बारा अर्जांत एक खाडाखोड दाखवा."

"काका, तुम्ही त्या वेळी वाडीवर जाऊन जमिनी बघितल्या होत्या ना?"

"बघितल्या होत्या," मी म्हणालो.

हे खरे नव्हते, हे येथे नोंदवितो. मी वाडीवर कधी गेलेलो नव्हतो. दावे घेण्याच्या शेवटच्या दिवशी ती माणसे माझ्या टेबलाभोवती येऊन बसली होती. गोमा आधी बोलला. त्याने आपल्या जमिनीच्या खुणा सांगितल्या : पूर्वेस फणसाचे झाड, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस कातळ, दक्षिणेस पायवाट. मी त्या सुवाच्य अक्षरांत उतरविल्या. बाकीच्यांची जमीन त्याच डोंगरावर, त्याला लागूनच, असे ते म्हणाले. कचेरी बंद होण्यास थोडा अवधी होता. मी तोच मजकूर पुढील अकरा अर्जांत लिहिला. नावे बदलली, अंगठे घेतले. कोणालाही वाचून दाखविले नाही. कचेरीतील एक कारकून तेव्हा म्हणाला होता, "शिगवण, छापल्यासारखं लिहिता हो." ते वाक्य मी अनेक वर्षे जपून ठेवले होते.

चढणीला लागल्यावर अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. डाव्या बाजूस खाली खाडीचे मुख आणि त्यापलीकडे समुद्र दिसत होता; ऊन असूनही तो शिशासारखा करडा होता. उजवीकडच्या टेकडीवर सिमेंटचे खांब, तारेचे कुंपण आणि "खाजगी मालमत्ता" असा फलक. आत माणूस नव्हता. एक झोपाळा मात्र होता.

"ती टेकडी कोणाची?" मी विचारले.

"आधी या लोकांचीच होती," वनिताताई म्हणाल्या. "कागद नव्हता."

वाडीत शिरलो तेव्हा प्रथम दारे दिसली. आमच्या गावात घर सोडून जाताना कुलूप लावतात आणि तरीही शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगतात. येथे दारांना काटेरी फांद्या बांधलेल्या होत्या, गुरे आत शिरू नयेत एवढ्यासाठीच. माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. नामंजुरीची नोटीस याच काळात येऊन खालच्या गावातील दुकानात पडून राहिली होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत तेथेच संपली होती. या खेपेस पाहणीसाठी प्रत्येक घरातून एकेक माणूस मुकादमाच्या हातापाया पडून आला होता. सोमी पालीकडच्या भट्टीवरून आली होती. बुधवारी सकाळी तिला नेण्यासाठी ट्रक येणार होता.

ती पन्नाशीची, हाडकुळी बाई. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"तूच का तो लिवनारा? मना वाटला, मोटा मानूस आसंल."

"ए सोमे, त्येला आदी पानी दे," आतून म्हातारा गोमा ओरडला. "मंग शिव्या दे."

ही माणसे सर्वांना 'तू' म्हणतात. आमच्याकडे कालचा पोरही मला 'भाऊसाहेब' म्हणतो, त्यामुळे प्रथम मला ते टोचले. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी आडनाव विचारतात. येथे 'जेवलास का' एवढेच विचारले. गोमाने माझी चपल मागून घेतली, झाडाच्या सालीची दोरी वळून अंगठा बसविला आणि परत देताना म्हणाला, "आता ही चपल मरंल, दोरी न्हाय मरायची."

सोमीच्या दाराशी पायरी म्हणून अर्धगोल दगड ठेवलेला होता. मी त्यावर बसलो. दगडाला छिन्नीचे बारीक टाके पाडलेले होते, ते बसताना जाणवले. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी आणि उकडलेले करांदे, म्हणजे रानवेलीचे कंद, मिळाले. करांदे कडू लागले. मी तसे बोललो नाही, परंतु तोंड बोलले असावे.

"कडू हाय व्हय?" सोमी हसली. "दोनदा पानी काढलाय. नवऱ्याला मी येकदाच काढून द्यायचे."

जेवणानंतर गोमाने विचारले, "कोर्टान काय सांगला? जमीन दिली?"

मी घसा साफ करून सांगितले, "माननीय न्यायालयाने असा आदेश दिला आहे की, प्रत्येक जमिनीवर सरकारी माणसांनी प्रत्यक्ष येऊन पाहावे आणि तुमचे ऐकावे."

"म्हंजे येऊन बघा, आसा सांगला?"

"होय."

"आमी पन येवढाच म्हनत व्हतो," गोमा म्हणाला. "त्येच्यापायी मुंबयला जावा लागला?"



मंगळवार : डोंगर

पाहणीचे पथक सकाळी आले. त्यांच्या प्रमुखाचे नाव मी येथे देत नाही. सर्व जण त्यांना 'साहेब' म्हणत. वागणे सभ्य होते. त्यांच्याबरोबर हातातील यंत्रावर मोजणी घेणारा एक मनुष्य होता. पंचनामा कोण लिहिणार असा प्रश्न निघाला तेव्हा साहेब म्हणाले, "आमचं अक्षर वर कुणाला लागत नाही. शिगवण, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर मी फायलीत बघितलंय." मी पेन काढले. त्या क्षणी मला बरे वाटले, हेही लपवीत नाही.

गोमाच्या जमिनीवर सर्व जुळले. फणस होता, ओहोळ होता, कातळ व पायवाट होती. साहेबांनी माझा जुना अर्ज मोठ्याने वाचला आणि प्रत्येक खुणेसमोर मान हलविली. मी वनिताताईंकडे पाहिले.

मग आम्ही सोमीच्या जमिनीवर गेलो. ती उताराची जागा आहे. दगडांचे बांध घालून तिच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. नाचणीचे खुंट अद्याप उभे होते. एका बाजूस ऐनाचा जुना वृक्ष, दुसऱ्या बाजूस घळ. साहेबांनी दुसरा अर्ज उघडला.

"पूर्वेस फणसाचे झाड," ते वाचून थांबले. "बाई, फणस कुठाय?"

सोमीने चहूकडे पाहिले, जणू आपलेच चुकत असावे. "फनस न्हाय माज्यात."

"तुमच्या अर्जात आहे."

"त्यो गोमाचा फनस. तू आता बघलास न्हाय का?"

मी साहेबांच्या मागे उभा होतो. मी सोमीला खूण केली. खालच्या अंगाला, दूर, कोणाचे तरी एक फणसाचे रोप दिसत होते. तिने नुसते बोट दाखविले असते तरी भागले असते. तिने माझी खूण पाहिली. आणि ती सर्वांदेखत मलाच म्हणाली,

"काय रं, हात कशापायी हलवतोस? दुसऱ्याचा झाड माजा म्हनू?"

"अगं, सीमेवरचं झाड—" मी म्हणालो.

"सीमेवरचा आसू दे न्हायतर सरगातला. न्हाय माजा, तर न्हाय माजा."

गोमाने तेव्हा साहेबांना ऐनाच्या वृक्षाकडे नेले. बुंध्याशी वाडीतल्या दुसऱ्या कोणीतरी गवताची एक गाठ मारून खोचलेली होती. त्यांच्यात असा रिवाज आहे की, मधाचे पोळे ज्याला प्रथम दिसेल त्याने झाडाला अशी गाठ बांधावी. मग ते पोळे पिकेपर्यंत तेथून पन्नास माणसे गेली तरी कोणी हात लावीत नाही. मात्र जो एकदा दुसऱ्याचे झाड आपले म्हणेल, त्याच्या गाठीला पुढे कोणी मानीत नाही.

"हिनं फनस माजा म्हनला आसता," गोमा म्हणाला, "तर उंद्या हिची गाठ कोन बगनार?"

आमच्या भाताच्या गावात दोन सख्खे भाऊ एका आंब्याच्या फांदीसाठी कोर्टात गेलेले मला ठाऊक आहेत. दोघांचेही अर्ज मीच लिहिले. त्या दिवशी डोंगरावर सुकलेल्या गवताची गाठ पाहिली आणि मला आपल्या पेनाचा भार वाटू लागला.

पुढच्या दहा जमिनींवरही तेच घडले. कोणाकडे कातळ नव्हता, कोणाकडे ओहोळ नव्हता. फणस तर कोणाकडेच नव्हता. प्रत्येकाने 'न्हाय' म्हणून सांगितले. खोटे बोलण्यास कोणी तयार नव्हते आणि माझा कागद अकराही ठिकाणी खोटा ठरत होता. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो : "अर्जातील वर्णन व प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत आढळते." अकरा वेळा लिहिले. याही वेळी खाडाखोड झाली नाही.

मी म्हणालो, "साहेब, एक ओळ जोडतो. चतुःसीमा चुकल्या आहेत त्या लेखकाच्या हातून, दावेदारांच्या नव्हे."

"तुम्ही दावेदार आहात?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही."

"मग पंचनाम्यात तुमचं काय काम?" ते रागावले नव्हते, थकले होते. "शिगवण, कोर्टानं सांगितलं बघा, आम्ही बघितलं. बांध आहेत हे लिहा. पण ते कुणी घातले, कधी घातले, हे दगडावर लिहिलेलं नाही."

अंगठे घेण्याची वेळ आली. या वेळी मी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखविला. सोमी उकिडवी बसून ऐकत होती.

"तफावत म्हंजे काय रं?"

"म्हणजे कागद आणि जमीन जुळत नाही."

"मंग कागद बदल की. जमीन कशी बदलू मी?"

मी शाईचे पॅड पुढे केले. तिने अंगठा शाईवर ठेवला, कागदावर दाबला आणि तो नाचणीच्या खुंटाला पुसला.

पथक उतरून गेले. सूर्य खाडीकडे कलला होता. मी पुन्हा सोमीच्या दाराशी त्या अर्धगोल दगडावर बसलो, आणि हाताखाली तेच टाके लागले. असे टाके मी दुपारी पाहिले होते. सोमीच्या मधल्या बांधात, खालून दुसऱ्या थरात, एक अर्धा गोल दगड बसविलेला होता. पंचनामा लिहिताना माझी नजर त्यावर गेली होती आणि पुढे सरकली होती, कारण त्या वेळी मी 'तफावत' हा शब्द वळणदार काढीत होतो.

"सोमी, हा दगड कसला?"

"जात्याचा. सासूचा जाता. मी लगीन होऊन आले त्या सालाला फुटला. फुटका जाता टाकू नये म्हनून सासऱ्यान येक तुकडा दाराला ठेवला आन् येक बांदाला लावला. तवाच बांद घालत व्हतं त्ये."

"हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"त्यान फनस इचारला," सोमी म्हणाली. "जाता कुठं इचारला?"

मी दोरीच्या अंगठ्याची चपल घालून उताराने धावलो. या वयात मी सहसा धावत नाही. खालच्या रस्त्यावर गाडीच्या चाकांचे वण होते, गाडी नव्हती.

बुधवार : ट्रक व कचेरी

सकाळी ट्रक आला. त्यात आधीच माणसे, भांडी व दोन शेळ्या होत्या. मुकादम खाली न उतरता हॉर्न वाजवीत होता. सोमीने दाराला काटे बांधले. बांधून झाल्यावर तिने पायरीचा दगड भिंतीकडे थोडा सरकविला, मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा होता तसा ठेवला.

"तू जातोस का कचेरीत?" तिने विचारले.

"जातो."

"मंग आता माजाच लिव. गोमाचा नको." ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि वरून म्हणाली, "आन् वाचून दावायला भट्टीवर ये. तिथं फनस न्हाय, पन सावली हाय थोडी."

ट्रकमधील बायका हसल्या. तीही हसली. मग ट्रक वळला.

वनिताताई व मी उपविभागाच्या कचेरीत गेलो. वाटेत मीच म्हणालो, "ताई, मी तेव्हा वाडीवर गेलो नव्हतो."

"कळलं होतं काका," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बोलावलं."

आवक खिडकीवरील गृहस्थांनी कचेरीच्या बाकावर बसून लिहिलेले माझे निवेदन उलटसुलट पाहिले. अर्जदाराचा जमिनीशी संबंध काय, असे विचारले. मी सांगितले, काही नाही. चूक माझी आहे. अशा कारणासाठी त्यांच्याकडे नोंदीचे सदर नव्हते. पंचनामे वर गेले आहेत, पुन्हा पाहणी होत नसते, तरी ठेवून जा, असे ते म्हणाले. पोच मागितली. ती शिक्का न उठलेली मिळाली. गोमाचा दावा मान्य होईल असे वनिताताईंना वाटते. उरलेल्या अकरांविषयी त्यांना काय वाटते हे मी विचारले नाही.

तळ्याला परत आलो. टेबल मांडून बसतो. हल्ली प्रत्येक अर्ज वाचून दाखवितो, त्यामुळे गिऱ्हाईक कंटाळते. पुढील रविवारी भट्टीवर जाऊन सोमीला तिचा मजकूर ऐकविला. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तो दुरुस्त मजकूर कचेरीत दिला व त्याची प्रत न्यायालयाकडे पाठविण्यासाठी वनिताताईंच्या हाती दिली. जे कधी त्या डोंगरावर गेले नाहीत त्यांच्यासाठी तो येथे उतरवितो.

"सदर जमिनीच्या पूर्वेस ऐनाचा वृक्ष आहे, त्यावरील मध दुसऱ्याचा आहे, झाडावर दावेदाराचा हक्क सांगणे नाही. पश्चिमेस घळ. उतारावर नाचणीच्या तीन पायऱ्या, प्रत्येकीस दगडी बांध. त्यांतील मधल्या बांधाच्या खालून दुसऱ्या थरात, तो बांध घातला त्याच साली, म्हणजे दावेदाराच्या लग्नाच्या साली, फुटलेल्या जात्याचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा दावेदाराच्या दाराशी पायरी म्हणून आहे. दोन्ही तुकडे एकास एक लावून पाहावेत. पूर्वीच्या दाव्यातील चतुःसीमा निम्नस्वाक्षरीकाराने जागा न पाहता लिहिल्या होत्या. सबब त्या चुकीची शिक्षा दावेदारांस न होता ती मजकडे वर्ग करावी. या निवेदनाचे उत्तर पाऊस सुरू होण्यापूर्वी वाडीवर पाठवू नये. त्या काळात दारांस काटे असतात व कागद खालच्या दुकानात पडून मुदत संपते. उत्तर नाचणीच्या लावणीनंतर, दावेदार स्वतः घरी असताना, तिच्या हाती द्यावे व तिला वाचून दाखवावे. दोन्ही दगड जागेवरून हलविलेले नाहीत. पाहण्यास यावे, येणे होणार नसेल, तर तेही कारणासह लेखी कळवावे, ही विनंती."